वस्तऱ्याने स्वतःची दाढी: एकट्याने शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या हाती वस्तरा आलाय, पण शेजारी उभं राहून दाखवणारं कोणी नाही, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सलूनं गल्लोगल्ली आहेत, तरी तिथे विचारून फार काही हाती लागत नाही. का, ते पहिल्याच प्रश्नात येईल.

सलूनवाला वापरतो तोच हा वस्तरा ना?

दिसायला तसाच, पण जात वेगळी. सलूनमधल्या वस्तऱ्यात दोन धारांचं ब्लेड मधोमध मोडून अर्धा तुकडा बसवतात आणि गिऱ्हाईक उठलं की तो टाकून देतात. एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी रक्तातून पसरतात हे सगळ्यांना कळल्यावर खुर्चीत बसता बसता "नवीन ब्लेड घाल हं" म्हणायची पद्धत पडली. झालं ते योग्यच झालं. पण त्यासोबत वस्तऱ्याची कड सरळ करायचा चामडी पट्टा भिंतीवरून उतरला. आजच्या तरुण कारागिराचा हात उत्तम असतो. कोन कसा धरतो, कातडी कशी ताणतो, हे खुर्चीत बसल्या बसल्या आरशात नीट बघून घ्या. धारेबद्दल मात्र त्याला विचारण्यात अर्थ नाही. त्याची धार पाकिटातून येते.

आपण बोलतोय तो अखंड पोलादी पात्याचा वस्तरा. तोच दर वेळी परजायचा, तोच जपायचा.

शिकवणारं कोणी नसताना लोक शिकले तरी कसे?

पूर्वी शिकायची वेळच फारशी येत नसे. न्हावी धोकटी घेऊन दारात येई आणि पडवीत पाट टाकून सगळ्या घराची हजामत उरकून जाई. युरोपातही न्हाव्याकडेच जायची रीत होती. १८व्या शतकात फ्रान्समधल्या जाँ-जाक पेरे नावाच्या सुऱ्या-चाकू बनवणाऱ्या कारागिराने स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर चक्क पुस्तक लिहिलं. म्हणजे लिखाण वाचून, आरशासमोर एकट्याने धडपडत शिकणारे तेव्हापासून आहेत. १९०३मध्ये जिलेटचा सेफ्टी रेझर विक्रीला आला, पहिल्या महायुद्धात तो अमेरिकी सैनिकांच्या पिशवीत गेला, आणि बापाने मुलाला वस्तरा शिकवायची साखळी तिकडे तुटली. आपल्याकडे ती जरा उशिरा तुटली, इतकंच.

आता शिकतात ते बहुतेक व्हिडिओ बघून. कोणाला तारवटी (बोटीवर नोकरी केलेल्या) आजोबांच्या ट्रंकेत वस्तरा सापडलेला असतो, कोणी तीन-चार पात्यांच्या महागड्या कार्ट्रिजांना कंटाळलेला असतो, तर कोणाच्या मानेवर रेझरने पुळ्या येत असतात. पुढची वाट जवळपास सारखीच. आधी फक्त गाल वस्तऱ्याने, बाकीचं नेहमीच्या रेझरने. मग जबड्याची कड, मग मान, आणि हनुवटी नि वरचा ओठ सगळ्यात शेवटी. पूर्ण चेहरा वस्तऱ्याने होईस्तोवर महिना-दोन महिने सहज जातात.

यात अर्ध्यावर सोडणारेही पुष्कळ. हात बसत नाही म्हणून सोडलं, असं ते सांगतात. त्यांचा वस्तरा बघितला तर दहातल्या नऊ जणांचा बोथट निघेल, असं मी पैजेवर सांगतो. हात सगळ्यांचाच बसतो. धार ओळखायला शिकवणारं कोणी नसतं, ही खरी अडचण.

मग सुरुवात अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्याने करू का?

करा, पण कशासाठी करताय ते माहीत असू द्या. अर्धं ब्लेड कायम कडक धारेचं असतं, त्यामुळे धारेची चिंता नसते, फक्त हाताचा सराव होतो. पण ते पातं पातळ आणि हलकं, त्याला चूक खपत नाही. कोन थोडा जास्त झाला की ओरखडा उठलाच. अखंड पात्याला वजन असतं, ते गालावर शांत बसतं. म्हणून अर्ध्या ब्लेडने घाबरून "वस्तरा आपल्याला जमणार नाही" हा निकाल देऊ नका.

त्याचा मोठा उपयोग वेगळाच आहे, तो धारेच्या प्रश्नात सांगतो.

कुठला वस्तरा घ्यावा?

रुंदी ५/८ किंवा ६/८ इंच, टोक गोल. चौकोनी टोकाचा वस्तरा देखणा दिसतो, पण कानाची पाळी आणि नाकपुडी यांच्याशी त्याचं जमत नाही. शिकणाऱ्याने गोल टोकच घ्यावं.

पात्याच्या बाजू आतून खोलगट घासलेल्या असतात. जितकं जास्त खोलगट, तितकं पातं पातळ आणि चेहऱ्यावर बोलकं. मध्यम खोलगट पातं पहिल्यासाठी बरं. जर्मनीतलं सोलिंगन आणि इंग्लंडमधलं शेफील्ड ही या मालाची जुनी गावं. सोलिंगन हे नाव पात्यावर कोणी घालावं यावर जर्मनीत १९३८ सालापासून कायदा आहे, त्यामुळे तो ठसा खरा असेल तर माल तिथलाच.

कार्बन पोलाद की स्टेनलेस, यावर शौकिनांत वाद घालत बसणारे पुष्कळ. कार्बन पोलादाला धार लवकर चढते, स्टेनलेस दगडावर जरा हट्टी असतं. पण गोव्यात राहणाऱ्याने पहिला वस्तरा स्टेनलेस घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. कारण पावसाळ्याच्या प्रश्नात आहे.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारे नक्षीदार, लाटालाटांच्या पात्याचे, रंगीत मुठीचे वस्तरे भिंतीवर टांगायला ठीक. त्यातल्या बऱ्याच पात्यांना दगडावर धार चढतच नाही, कारण कणा (धारेच्या उलट बाजूची जाड कड) आणि धार एका पातळीत नसतात. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात किंवा जुन्या सामानाच्या ढिगात चांगलं पातं सापडू शकतं. मात्र धारेवर केसाएवढीही चीर असेल तर ते तिथेच ठेवून द्या.

आजोबांच्या ट्रंकेतला वस्तरा वापरता येईल?

बहुतेक वेळा येतो. आधी उजेडात धरून धार टोकापासून टाचेपर्यंत, म्हणजे मुठीकडच्या कडेपर्यंत बघा. पोटावरचे काळे डाग निरुपद्रवी असतात. गंजाचे खड्डे अगदी धारेच्या काठावर असतील तर मात्र पातं गेलं असं समजा, कारण दगडावर कितीही घासलं तरी नवा खड्डा वर येत राहतो. मूठ बघा. जुनी सेल्युलॉइडची मूठ वयाने कुजायला लागली की आम्लाची वाफ सोडते आणि बंद डबीत पात्याला आतून गंज चढवते. पातं नेमकं मुठीत झाकलं जातं तिथेच गंजलं असेल तर संशय मुठीवरच घ्या आणि मूठ बदलून घ्या.

आफ्रिकेत राहून आलेल्या घरांत हस्तिदंती मुठीचा वस्तराही निघतो. तो विकायच्या भानगडीत पडू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली हस्तिदंताचा व्यापार बंद आहे.

आणि दुसऱ्याने वापरलेला कुठलाही वस्तरा आधी साबणाने धुऊन नीट निर्जंतुक केल्याशिवाय चेहऱ्याला लावायचा नाही, मग तो आजोबांचा का असेना.

धार आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

अंगठा फिरवून नव्हे. त्याने धारही बिघडते आणि अंगठाही.

दिव्याखाली वस्तरा धार वर करून उभा धरा आणि सावकाश हलवा. धार चांगली असेल तर तिथे काही दिसतच नाही, नुसती एक काळी कड. बोथट जागी उजेड अडकतो, पांढरी बारीक रेघ किंवा ठिपका चमकतो. मग मनगटावरची लव बघा. पातं कातडीला न टेकवता, तिच्या जरा वरून न्या. केस आपोआप टिचून पडले तर धार दाढीची आहे. कातडीला टेकवून खरवडल्यावरच लव निघत असेल तर ती धार भाजीच्या सुरीची झाली. ही परीक्षा टोक, मध्य आणि टाच अशी तिन्ही ठिकाणी करा. मध्याला धार आणि टोकाला नाही, हे फार वेळा दिसतं. मग शिकणारा हनुवटीपाशी टोकाने काम करायला जातो आणि तिथेच अडतो.

खरी परीक्षा गालावर. चांगली धार खुंट कापताना बारीक कुरकुर आवाज करते आणि केस ओढल्यासारखा वाटत नाही. ओढल्यासारखं वाटलं तर कारणं तीनच: फेस सुकला, कोन मोठा झाला, किंवा धार नाही. पहिली दोन तिथल्या तिथे सुधारून बघता येतात. तिसऱ्यासाठी अर्ध्या ब्लेडचा वस्तरा कामाला येतो. पुढच्या दाढीला त्याच गालावर, त्याच फेसात, त्याच कोनाने तो फिरवा. तो सुळकन गेला आणि तुमचा वस्तरा अडला होता, तर दोष पात्याचा. मग हाताला बोल लावत बसू नका.

"शेव्ह-रेडी", म्हणजे थेट दाढीला तयार, असं लिहून आलेले नवे वस्तरेही या परीक्षेत नापास होताना दिसतात. विकणाऱ्याला आधीच विचारा की धार दगडावर हाताने लावली आहे की कारखान्यातून निघाली तशीच आहे.

दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे देऊ का?

अजिबात नको. सायकलच्या चाकावर फिरणारा त्याचा दगड कोयत्या-सुऱ्यांसाठी आहे. वस्तऱ्याची पातळ कड त्यावर तापते, पोलादाचं पाणी उतरतं आणि पातं कायमचं मऊ पडतं.

मग दगडावर धार मी स्वतः लावू?

पहिल्या वर्षात नको. दाढी, फेस, पट्टा आणि दगड या चारही गोष्टी एकदम शिकायला घेतल्या की बिघडलं कुठे हेच कळत नाही. पहिल्यांदा जाणकाराकडून धार लावून घ्या, म्हणजे चांगली धार गालावर कशी लागते याची ओळख पटेल. ती ओळख नसेल तर दगडावर घासून तुम्ही गाठणार काय?

पुढे शिकलात तर रचना सोपी आहे. वस्तरा दगडावर सपाट ठेवला की कणा आणि धार दोन्ही टेकतात, म्हणजे कोन कणाच ठरवून देतो. १००० ग्रिटच्या (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) दगडावर कड बसवायची, ४००० किंवा ५०००, मग ८०००, आणि शेवट १२००० किंवा त्याच तोडीचा बारीक दगड. रोज पट्टा नीट मारला तर दगडाची गाठ काही महिन्यांनीच पडते.

पट्टा कशाला हवा? दर वेळी मारायलाच हवा का?

दर वेळी, दाढीआधी. केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ, तरी धार जाते. २०२०मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात याचं कारण दाखवलं होतं: केस कापताना वाकतो, पात्याला तिरका लागतो, आणि पोलादात जिथे मुळात कमजोर जागा असते तिथून सूक्ष्म कपच्या निघतात. हे कपच्यांचं झालं. शिवाय कड इकडे-तिकडे वळतेही, तिच्यावर ओलाव्याचा आणि साबणाचा थर बसतो. पट्टा ती कड सरळ आणि स्वच्छ करतो. मोडलेली कड मात्र पट्ट्याने परत येत नाही.

पट्टा खिडकीच्या गजाला अडकवा आणि दुसरं टोक ताणून धरा. झोळ पडू देऊ नका, झोळात धार गोल होते. वस्तरा पूर्ण सपाट ठेवा, कणा आणि धार दोन्ही चामड्यावर. पुढे जाताना कणा पुढे, धार मागे. शेवटाला पोचलात की पातं उचलायचं नाही, कण्यावरूनच पालथं करायचं आणि परत यायचं, पुन्हा कणा पुढे. धार कधीच पुढे नको, नाहीतर चामडं कापलं जाईल. भार वस्तऱ्याच्या वजनाचा तेवढाच. आधी कापडी बाजूवर वीसेक फेऱ्या, मग चामड्यावर चाळीस-पन्नास. जुन्या सलूनवाल्यासारखा फटाफट वेग दाखवायची गरज नाही. सावकाश मारा, वेग नंतर आपोआप येतो.

पहिला पट्टा महागातला घेऊ नका. शिकताना त्याला दोन-चार चिरा पडणारच. जुना, बिनशिलाईचा, गुळगुळीत चामड्याचा कंबरपट्टाही सरावाला चालतो.

फेस कसा हवा?

साधा गोल दाढीचा साबण आणि ब्रश पुरे. डब्यातला फवाऱ्याचा फोम वस्तऱ्याला चालत नाही, तो हवेने फुगलेला असतो. फेस दह्यासारखा दाट आणि ओलसर हवा. ब्रश झटकून पाणी काढा, साबणावर फिरवा, मग गालावर घोटताना थेंब थेंब पाणी वाढवत जा. केस पाणी प्यायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि मगच मऊ पडतो, म्हणून अंघोळीनंतर दाढी करा. जांभ्याच्या पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ असतं, फेस भरभरून येतो. किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्यात मात्र साबण फाटतो. तिथे नळाचं पाणी घ्या.

धरायचा कसा, आणि पहिला हात कुठे?

मूठ मागे उघडून टाका, पातं आणि मूठ यांचा कोन होईल अशी. पात्याच्या मानेवर वरून तीन बोटं, खालून अंगठा, करंगळी शेपटीवर. पकड सैल. घट्ट धरलात तर हात थरथरतो.

पहिला हात उजव्या गालावर, कल्ल्याखालून. डावा हात डोक्यावरून आणा आणि कानापुढची कातडी वर ताणून धरा. ताण सुटला की पातं सुरकुतीत रुततं. निम्मी दाढी या ताणण्यातच आहे. पातं आधी गालावर सपाट टेकवा, मग कणा त्याच्या एक-दोन जाडीइतका उचला. साधारण ३० अंशांचा कोन होतो. बोटभर अंतराचे छोटे हात मारत खाली या. दाब द्यायचा नाही. केस राहिले तर राहू द्या, पुन्हा फेस लावून पुन्हा फिरवा.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: पातं कधीही त्याच्या लांबीच्या दिशेने आडवं सरकवायचं नाही. वस्तरा पुढे गेला तर केस कापतो, आडवा सरकला तर कातडी कापतो. शिंक येतेय, फोन वाजतोय, मांजर पायात घोटाळतंय, तर आधी पातं चेहऱ्यापासून दूर.

डाव्या गालाला हात बदलू का?

बदललात तर छान. दुबळ्या हाताला आठ-पंधरा दिवस जड जातं, पण मनगट वाकवायला लागत नाही. एकाच हाताने करणारेही बरेच आहेत. मग हात नाकावरून आडवा आणावा लागतो आणि आरसा झाकला जातो. दाढीआधी आइसक्रीमच्या काडीने दोन्ही हातांचा सराव करून बघा, हसू येईल पण उपयोग होतो.

उलटा हात कधी मारायचा?

घाई नको. पहिले कित्येक दिवस फक्त सुलटा हात, केस वाढतात त्या दिशेने. मग आडवा. उलटा हात मारायचा तर धार आणि ताण दोन्ही पक्के हवेत. मानेवर केसांचे भोवरे असतात. बोटं फिरवून कुठे खरखरीत लागतं ते आधी समजून घ्या, कारण मानेच्या दोन बाजूंना केसांची दिशा बऱ्याचदा वेगळी असते. ज्यांचे केस कुरळे आणि कातडीत वळून पुळ्या होतात, त्यांनी उलटा हात मारूच नये.

कापलं तर?

गार पाणी, स्वच्छ कापडाने दाबून धरणं, मग ओली तुरटी. बारीक टिपके यानेच थांबतात. खोल कापलं आणि दहा-पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबलं नाही तर डॉक्टर. दाढीनंतर फेणी चोळणारे हौशी भेटतात. झोंबते खरी, पण दिवसभर अंगाला जो दरवळ येतो त्याचा खुलासा ऑफिसात तुम्हीच करा.

कोणी करू नये?

रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्यांनी, हात थरथरणाऱ्यांनी, चेहऱ्यावर पिकलेल्या पुळ्या असताना कोणीही. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पावसाळ्यात वस्तरा गंजतो. काय करू?

गोव्यातल्या शिकणाऱ्याला धारेच्या खालोखाल छळणारा प्रश्न हाच. वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बाहेर सगळं ओलं आणि आत कपाटातल्या बुटांवर हिरवा बुरा. वस्तऱ्याची कड इतकी पातळ असते की डोळ्यांना गंज दिसण्याआधीच ती खाल्ली जाते. पातं लखलखीत दिसतं, पण चतुर्थीच्या सुमाराला काढावं तर केस ओढतं. लोकांना वाटतं सराव सुटला.

दाढी झाली की पातं धुवा, मऊ कापडाने कण्याकडून धारेकडे पुसा, मूठ आणि पातं यांच्या सांध्यातलं पाणी टिश्यूच्या घडीने टिपा. मग पट्ट्याच्या कापडी बाजूवर पाच-सहा फेऱ्या, म्हणजे कडेवरचा शेवटचा ओलावा जातो. त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात. खोबरेल घरात हाताशी असतं खरं, पण ते कालांतराने चिकट आणि खवट होतं. दोन दिवसांनी वापरायचा असेल तर चालेल, महिनाभर ठेवायचा तर मशीनचंच तेल.

न्हाणीघरात वस्तरा ठेवायचाच नाही. चामडी म्यानातही नाही, चामडं ओल धरून ठेवतं. कॅमेरेवाले लेन्स ठेवतात तसा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्या अधूनमधून वाळवायच्या. पट्टा हवेशीर खोलीत टांगा. त्यावर बुरा आला तर कोरड्या कापडाने पुसून पंख्याखाली ठेवा, उन्हात टाकलात तर चामडं आक्रसतं.

श्रावण पाळतो. महिनाभराची दाढी थेट वस्तऱ्याने काढू?

आधी कात्री किंवा ट्रिमरने खुंटावर आणा. लांब केस पात्याला गुंडाळतात आणि धार विनाकारण वाया जाते. आणि महिनाभर डब्यात पडलेला वस्तरा चतुर्थीच्या आदल्या दिवशी, पाहुण्यांच्या गडबडीत पहिल्यांदा काढू नका. चार दिवस आधी काढा, मनगटावर परीक्षा घ्या, पट्टा मारा.

विमानात नेता येतो का?

दाबोळी असो की मोपा, हातातल्या सामानात नाही. चेक-इनच्या बॅगेत, मूठ मिटून, वर रबर बँड लावून, कापडात गुंडाळून न्या.